उतारवयातील कंपवात आणि घरचा आहार

गोदावरीच्या कालव्यांमुळे राहाता तालुक्यात बागाईत वाढली आणि पेरूच्या बागा उभ्या राहिल्या. शिर्डीस येणाऱ्या भाविकांमुळे बाजारपेठही विस्तारली. त्याबरोबर शेतकऱ्याच्या घरात भाकरी-उसळीच्या शेजारी बिस्किटे, फरसाण व शीतपेये आली. या बदलाचा वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीशी काय संबंध आहे, हे कंपवाताच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे.

रोगाचे स्वरूप

मेंदूतील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या नष्ट होऊ लागल्या म्हणजे हात थरथरतो, हालचाल मंदावते व अंग ताठते. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले. मात्र कंप दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी जुनाट बद्धकोष्ठ, वास न येणे, झोपेत ओरडणे व हातपाय झाडणे ही चिन्हे दिसू शकतात. 'वय झाले' म्हणून त्यांकडे दुर्लक्ष करू नये.

आहार आणि दाह

जखमेभोवती येणारी लाली व सूज म्हणजे दाह. असाच मंद दाह आतड्यात दीर्घकाळ राहिल्यास तो मेंदूसही अपायकारक ठरत असावा, असे संशोधकांचे मत आहे. जमिनीतील जिवाणूंना जसे शेणखत, तसा आतड्यातील जिवाणूंना अन्नातील चोथा. त्यापासून ते आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्ये बनवितात.

अमेरिकेतील सुमारे ४३ हजार लोकांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ सर्वांत जास्त खाणाऱ्यांत तीन किंवा अधिक पूर्वचिन्हे आढळण्याची शक्यता, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट होती. यावरून हे पदार्थच रोगाचे कारण आहेत असे सिद्ध होत नाही. परंतु सावध राहण्यास हे पुरेसे आहे.

घरचे उपाय

बाजरी-ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, मेथी-शेपूची भाजी, जवसाची चटणी व बागेतला पेरू यांत चोथा भरपूर असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे खाण्याची शिफारस केली आहे. पेरू विकावयाचा आणि घरात बिस्किटे आणावयाची, हा व्यवहार तोट्याचा आहे. दात नसलेल्या वृद्धांस भाकरी आमटीत कुस्करून व पेरू शिजवून द्यावा. पाणी पुरेसे द्यावे.

औषधांची दक्षता

पॅराक्वाट या तणनाशकाचा संबंध या रोगाशी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. युरोपीय संघात २००७ पासून त्याच्या वापरास परवानगी नाही. फवारणी करताना हातमोजे व तोंडावर योग्य मुखवटा वापरावा आणि औषधांच्या रिकाम्या डब्यांत पाणी किंवा धान्य कधीही ठेवू नये.

बांधावरील खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा हे या रोगावरील द्रव्य असते; परंतु त्याचे प्रमाण बीगणिक बदलत असल्याने ते चूर्ण स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. डॉक्टरांनी लेव्होडोपाची गोळी दिली असल्यास ती दुधाबरोबर देऊ नये. प्रथिनांमुळे तिचे शोषण मंदावते. जेवणाआधी किती वेळ घ्यावी, हे डॉक्टरांस विचारावे.

कार्यकर्त्यांचे काम

घरभेटीत वृद्धांस तीन प्रश्न विचारावेत: शौचास नियमित होते का? फोडणीचा वास येतो का? झोपेत हातपाय झाडले जातात का? उत्तर काळजीचे असल्यास त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. ही चिन्हे इतर कारणांनीही होतात, म्हणून घाबरविण्याचे कारण नाही. आहाराने रोग टळेलच अशी हमी देता येत नाही. पण कोठा साफ राहील व अंगात शक्ती राहील, एवढा लाभ निश्चित आहे.