पवनाकाठी टिपी, डोक्यावर रोहिणी

मावळात हिवाळी शिकारीचा तळ आता फक्त आकाशात पडतो. डिसेंबर-जानेवारीत अंधार पडला की पूर्वेकडून मृग वर येतो, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण दिसतो आणि मागोमाग व्याध उगवतो. जमिनीवरची बंदुकीची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा ठरवली, आणि फार चांगलं झालं. तळ टाकायची हौस मात्र कुठल्याच कायद्यानं कमी झाली नाही. भात कापून झालं, खाचरं मोकळी झाली की पवना धरणाच्या काठाला रंगीबेरंगी तंबू उगवतात. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर चहूबाजूंनी राखणीला उभे असतात. त्या घुमटी तंबूंच्या जोडीला आता टोकदार टिपीही आली आहे, आणि आत लाकडाची शेगडी पेटवता येईल अशी टिपी ऑनलाइन सहज मिळते. ती मावळच्या थंडीसाठी घ्यावी का? दुकानात जाण्याआधी या गमतीजमती ऐकून घ्या.

मावळची थंडी उताराची

पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांवर उतरला होता. एरवी लोणावळा-मावळात कडाक्याच्या रात्री पारा दहाच्या आगेमागे घुटमळतो. बर्फ नाही, हिमवादळ नाही. तरी पवनाकाठी पहाटे चारला दात वाजतात, कारण गार हवा जड असते. डोंगरउतारावरून ती पाण्यासारखी खाली वाहत येते आणि खोलगट जागी साचून राहते. धरणाचा काठ म्हणजे त्या हवेचं तळंच.

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. ठाकूरसाई गावाच्या बाजूला आम्ही अगदी पाण्याला लागून तंबू ठोकत होतो. गुरं घेऊन परतणारे एक आजोबा थांबले, काठीनं वरचा बांध दाखवत म्हणाले, “ओ पाव्हणं, कडंला नगा लावू. रातच्याला गारठून जाल. त्या बांधावर घ्या.” आम्ही दोन खाचरं वर सरकलो. सकाळी खाली काठावरचे तंबू दवानं निथळत होते आणि आमच्या कापडावर बोट फिरवलं तर जेमतेम ओलसर लागलं. तंबू कुठला घ्यायचा याआधी तो कुठे लावायचा हे ठरवा. यात पैसाही लागत नाही.

‘ते राहतात’

टिपी हा उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानातल्या लकोटा लोकांचा शब्द. अर्थ एवढाच: ते राहतात. गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनची कातडी शिवून आच्छादन करायचे. लकोटा आधी तीन खांब बांधून सांगाडा उभा करत, ब्लॅकफूट चार. दार बहुधा पूर्वेला.

खरी कारागिरी पुढे आहे. अस्सल टिपी नेमकी शंकूसारखी नसते. ती किंचित कललेली असते, मागची बाजू जास्त उभी. त्यामुळे धुराचं भोक बरोबर चुलीच्या वर येतं. भोकाच्या दोन्ही बाजूंना कापडाचे कान असतात, ते लांब काठ्यांनी वाऱ्याप्रमाणे फिरवायचे. आतून जमिनीपासून छातीपर्यंत दुसरा पडदा. बाहेरची हवा कातड्याखालून शिरते, या पडद्याच्या मागून वर चढते आणि धूर ओढून घेऊन जाते. माणसं ऊबेत, धूर बाहेर. पंखा नाही, वीज नाही. आजच्या महागड्या तंबूंचं दुहेरी कापड याच युक्तीवर चालतं.

आता शाळेतली भूमिती कामाला लावू. शंकूचं घनफळ त्याच पायाच्या, त्याच उंचीच्या नळकांड्याच्या एक तृतीयांश. चार मीटर व्यासाची, अडीच मीटर उंचीची टिपी घेतली तर आत साडेदहा घनमीटर हवा. तेवढ्याच गोल खोलीत ती एकतीसच्या वर भरेल. तापवायची हवा कमी, म्हणून टिपी पटकन गरम होते. पण गरम हवा टोकाशी जाऊन बसते आणि आपण झोपतो तळाला. टोकाशी दोरी बांधून ओले मोजे वाळत घाला, फार छान वाळतात.

आणखी एक हिशेब. ‘आठ जणांची टिपी’ असं पिशवीवर छापलेलं असलं तर मधला खांब, शेगडी, तिच्याभोवती सोडायची जागा आणि उतरत्या कापडाशी वाया जाणारा कडेचा घेर वजा करा. चौघं सुखानं झोपतील. उरलेल्या चौघांसाठी दुसरा तंबू लागेल.

पाच डॉलरचा तंबू

अमेरिकी सैन्यातला अधिकारी हेन्री हॉपकिन्स सिब्ली यानं मैदानी लोकांच्या टिपी पाहिल्या आणि एका खांबाचा शंकू तंबू बनवून १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खांब तिवईवर उभा, खाली आग, आत डझनभर सैनिक. दर तंबूमागे पाच डॉलर त्याला मिळायचे होते. पण यादवी युद्धात तो बंडखोर दक्षिणेच्या बाजूला गेला आणि ती मिळकत गमावून बसला. त्याच्या नावाची पत्र्याची शंकूसारखी शेगडी मात्र पुढे कित्येक दशकं सैन्यात तापत राहिली. आज ऑनलाइन दिसणारी शेगडीवाली टिपी या सिब्लीच्या तंबूचीच पणती.

माणशी पाच बैल

मावळातला सगळ्यात गाजलेला हिवाळी तळ शिकारीचा नव्हता, इंग्रजांचा होता. १७७९ चा जानेवारी. मुंबईकर इंग्रज राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघाले. लढणारे सुमारे ३,९०० आणि सामान ओढायला, वाहायला १९,००० बैल! म्हणजे माणशी जवळजवळ पाच बैल. घाट चढून आल्यावर ही फौज गोगलगायीसारखी सरकत होती. मराठ्यांनी पुढची गावं मोकळी करून दाणावैरण जाळून टाकली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याचं शौर्य पाहून मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. शत्रूला असं कौतुकाचं नाव देणारी माणसं आपली, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्याची समाधी वडगावात आहे.

तळेगावला पोचल्यावर पुढे रस्ताच उरला नाही. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं आणि अंधारात मागे फिरले. वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजांनी त्यांना घेरलं आणि तिथंच तह करून सुटका करून घ्यावी लागली. वडगावच्या विजयस्तंभाशी गेलात तर हे बैल आठवा. बाहेरून आलेली फौज आपल्या सामानाखालीच दबली. आणि मावळे? घोंगडी खांद्यावर, भाकरी कमरेला.

तंबू घेतानाही हीच कसोटी लावा. टिपी, मेखा, खांब, शेगडी, धुराडं हे सगळं खांद्यावर घेऊन तिकोन्याची चढण चढून पाहा. गाडी थेट तळापर्यंत जात असेल तरच लोखंडी शेगडीचा विचार करावा.

शेगडीबद्दल, जपून

आता मुद्द्यावर येते. शेगडीच्या टिपीत कापडाला एक गोल भोक असतं, भोवती आग न धरणारी चकती शिवलेली. त्यातून पत्र्याचं धुराडं बाहेर काढायचं. टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी हवीच, कारण नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं आणि तापलेल्या शेगडीचा पत्रा त्याच्या कितीतरी पुढे जातो. एक ठिणगी, एक भोक.

ही शेगडी भराभर तापते आणि भराभर थंडही होते. छोट्या पेटीत मावणारी लाकडं तासाभरात संपतात, मग उठून पुन्हा घाला. रात्रभर ऊब हवी तर रात्रभर जागा. लॅपलँडमध्ये उणे वीस अंशांत हा सौदा परवडतो. तिथले सामी लोक ‘लाव्वू’ नावाच्या बुटक्या शंकू तंबूत पिढ्यान्पिढ्या मधोमध आग पेटवत आले. मावळात दहा अंशांसाठी तो सौदा मला पटत नाही.

पण त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे बाहेरच्या शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून तंबूत आणतात आणि चेन लावून झोपतात. निखारे शांत दिसतात, धूर नसतो, म्हणून भीती वाटत नाही. कार्बन मोनॉक्साइड नेमका तिथूनच निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोप येणं हाच खरा घात. अंटार्क्टिकात १९३४ साली एकटा राहिलेला अॅडमिरल बर्ड शेगडी आणि इंजिनाच्या याच वायूनं मरता मरता वाचला. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दमनला केरळचे आठ पर्यटक, त्यात लेकरंही होती, बंद खोलीतल्या गॅस हीटरपायी झोपेतच गेले. हात जोडून सांगते: निखाऱ्यांचं घमेलं तंबूत नेऊ नका. कुणी नेत असेल तर भांडण झालं तरी चालेल, पण बाहेर काढायला लावा. आणि शेगडीची टिपी घेतलीच, तर वरची खिडकी उघडी, खालून हवेला वाट, झोपण्याआधी आग विझवलेली आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडची घंटी, एवढं पाळाच. अशा तंबूंच्या घेराला बर्फात दाबून टाकायची झालर असते. मावळात ती गुंडाळून वर बांधून ठेवा.

तंबूतला पाऊस

पहाटे तोंडावर टपकन थेंब पडतो आणि आपण म्हणतो, तंबू गळतोय. तंबू गळत नसतो. झोपलेली चार माणसं श्वासातून, कातडीतून रात्रभरात लिटरभर तरी पाणी हवेत सोडतात. ते गार कापडाला लागून थेंब होऊन खाली येतं. चेन जितकी घट्ट, तितका आतला पाऊस जास्त. खिडक्या उघड्या ठेवून झोपणारा कोरडा उठतो आणि कोरडाच माणूस उबदार राहतो.

पिशवीवरचा ‘३००० मिमी’ हा आकडा वाचूनही लोक गोंधळतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, मग हा तंबू जुलैतच हरणार असं वाटतं. आकडा पावसाचा नव्हे. कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिवाळ्यात त्याच्या निम्मा आकडाही पुरतो.

खरी ऊब पाठीखाली

हे मला सगळ्यात आवडतं. रात्रीची थंडी डोक्यावरून कमी आणि पाठीखालून जास्त येते. जमीन अंगातली ऊब शोषत राहते. मधे काहीच न भरलेली हवेची गादी मऊ असली तरी गार लागते, कारण आतली हवा फिरत राहते. हवा अडकवून ठेवायला हवी. आणि ती अडकवणारी वस्तू मावळात हिवाळ्यात ढिगानं असते: भाताचा पेंढा. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीचा वास घराघरात दरवळत असतो आणि अंगणात पेंढ्याच्या गंजी लागलेल्या असतात. काडी पोकळ, दोन काड्यांमधेही हवा. शेतमालकाला विचारून, त्याचे पैसे देऊन चार पेंढ्या आणा, वीतभर जाड पसरा आणि वर घोंगडी टाका.

घोंगडी हाताशी घेऊन नीट पाहा. दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली, हाताला खरखरीत. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं बाष्प पिते आणि तरी ओली लागत नाही. उलट पिताना थोडी ऊब सोडते. शेकोटीची ठिणगी माझ्या नायलॉनच्या जाकिटावर पडली तेव्हा वाटाण्याएवढं भोक पडलं, कडा वितळून कडक झाली. तशीच ठिणगी शेजारी बसलेल्या मेंढपाळाच्या घोंगडीवर पडली. त्यानं बोलणं न थांबवता अंगठ्यानं झटकली. काळा ठिपका राहिला, बस्स. दिवाळीनंतर कळप घेऊन निघणारी ही माणसं जाळ्याची वाघर लावून मेंढरं कोंडतात आणि उघड्यावर, घोंगडीच्या खोपट्यात थंडी काढतात. तंबूच्या दुकानातला कुणी माझ्या मते त्यांच्यापेक्षा जास्त जाणत नाही.

झोपण्याआधी चिक्कीचा एक तुकडा खाऊन बघा. गूळ आणि दाणे, शंभर ग्रॅममध्ये पाचशेच्या घरात कॅलरी. पचवताना शरीर स्वतःची भट्टी पेटवतं. कढत पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली की झालं.

मग टिपी कुठली? माझं उत्तर: उंच, खिडकीवाली, दुहेरी कापडाची, बिनशेगडीची. शेकोटी बाहेर, मोकळ्या खाचरात, गवतापासून लांब. वनजमिनीवर परवानगीशिवाय तळ नाही, जाळ तर नाहीच नाही. डिसेंबरातलं वाळलं गवत कसं पेटतं ते वणवा पाहिलेल्यांना विचारा. लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याला खालूनच डोळे भरून पाहावं.

जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेनवाच्या सुमारास टिपीबाहेर या आणि मधल्या खांबाची रेष मनातल्या मनात सरळ वर वाढवा. मावळच्या अक्षांशावर ती जवळजवळ रोहिणीला जाऊन टेकते. तांबूस, फारशी न लुकलुकता पाहणारी. तिच्यामागे मृग धावतोय, मृगाच्या मागे व्याध. साडेआठ प्रकाशवर्षांवरून निघालेला त्याचा उजेड धरणाच्या काळ्या पाण्यात हलतोय आणि पलीकडच्या वाडीत कुणीतरी गुरांना हाळी देतंय.