नोंदवहीपासून पडद्यापर्यंत : कोराडी, संस्थात्मक बदल आणि मराठी संशोधन

संगणकीय तंत्रज्ञानामुळे संस्थांच्या कारभारात आणि शिक्षणात कोणते परिवर्तन घडून आले, हा विषय आता विद्यार्थ्यांच्या संशोधनात चांगलाच रुळला आहे. वाणिज्य, व्यवस्थापन आणि शिक्षणशास्त्र या शाखांत त्यावर प्रकल्प-अहवाल, लघुप्रबंध आणि प्रबंध लिहिले जातात. या लेखनाची एक ठरावीक चाकोरी दिसते. प्रथम यंत्रणेचे वर्णन येते, मग प्रश्नावली येते, उत्तरांची टक्केवारी मांडली जाते आणि अखेरीस कार्यक्षमता वाढल्याचा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष चुकीचा असतोच असे नाही. परंतु या चाकोरीतून एक महत्त्वाची बाब निसटते. प्रत्येक संस्था आपल्या कामाची नोंद ठेवीत असते आणि त्या नोंदीच तिची स्मृती असतात. तंत्रज्ञान बदलले की ही नोंद कोण करतो, कोणत्या भाषेत करतो आणि पुढील पिढीला ती वाचता येते की नाही, हे सारेच बदलते. हा प्रश्न मूलतः लेखनाचा, भाषेचा आणि लिपीचा आहे. म्हणूनच तो मराठीच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात नागपूरजवळील कोराडीचे उदाहरण समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कोराडीचे औष्णिक केंद्र : दोन पिढ्यांची यंत्रणा

नागपूर शहराच्या उत्तरेस, कामठी तालुक्यात वसलेले कोराडी हे गाव पंचक्रोशीला दोन कारणांनी परिचित आहे. एक तेथील श्रीमहालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान आणि दुसरे औष्णिक विद्युत केंद्र. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या या केंद्रातील १२० मेगावॉटचा पहिला संच १९७४ साली कार्यान्वित झाला. १९७६ पर्यंत त्याच क्षमतेचे आणखी तीन संच उभे राहिले. त्यानंतर १९७८ मध्ये २०० मेगावॉटचा आणि १९८२ व १९८३ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. २००५ साली विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि वीजनिर्मितीचे काम महानिर्मिती या कंपनीकडे आले. डिसेंबर २०१५ ते जानेवारी २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन नवे संच कार्यान्वित झाले. आरंभीचे चारही संच आता सेवेतून निवृत्त झाले आहेत. चार दशकांच्या अंतराने उभारलेल्या दोन पिढ्यांच्या यंत्रणा एकाच गावाने पाहिल्या, ही गोष्ट संशोधनाच्या दृष्टीने मोलाची आहे.

पहिल्या पिढीतील औष्णिक केंद्रांचे नियंत्रण-कक्ष ज्या पद्धतीने चालत, ती पद्धत आधी समजून घेतली पाहिजे. भिंतभर तबकड्या असत. बॉयलरमधील दाब, वाफेचे तापमान, टर्बाइनची कंपने यांचे काटे त्यांवर फिरत. काही उपकरणांतील शाईची लेखणी सरकत्या कागदावर आलेख काढीत असे. पाळीवरील कर्मचारी ठरावीक वेळाने प्रत्येक तबकडीजवळ जाऊन आकडा वाचीत आणि लॉगशीटवर हाताने लिहीत. पाळी बदलताना पुढील पाळीसाठी नोंदवहीत शेरा ठेवला जाई. एखाद्या पंपाचा आवाज बदलला, कोठे वाफ गळताना दिसली, एखादी झडप जड चालते आहे, अशा बाबी त्या शेऱ्यात येत. आकडा लिहिण्यासाठी तो पाहावा लागे आणि पाहताना यंत्राचीही पाहणी होई. नोंद करणे आणि यंत्र ओळखणे या क्रिया तेव्हा एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या नव्हत्या.

नव्या पिढीच्या संचांत हजारो ठिकाणचे संवेदक आपापली मापे सतत संगणकाकडे पाठवितात. नियंत्रण-कक्षात तबकड्यांच्या भिंतीऐवजी पडद्यांची रांग असते. मापे आपोआप साठविली जातात. ती लिहिण्यासाठी मनुष्याच्या हाताची गरज उरलेली नाही. संच अचानक बंद पडला, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘ट्रिप’ झाला, तर कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, याचा क्रम सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत सांगता येतो. तासातासाच्या हस्तलिखित नोंदीतून हे कधीही साधले नसते. हा लाभ निःसंशय मोठा आहे. मात्र आकड्यांची नोंद शतपटीने वाढली असता शब्दांची नोंद त्याच प्रमाणात वाढली का, हा प्रश्न उरतोच. संवेदक तापमान टिपतो. ‘आज आवाज वेगळा वाटतो’ हे मात्र कोणीतरी लिहावेच लागते.

स्वयंचलन आणि माहितीकरण

या स्थित्यंतराचा तात्त्विक विचार अमेरिकन अभ्यासक शोशाना झुबॉफ यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन द एज ऑफ द स्मार्ट मशीन’ या ग्रंथात केला आहे. कागदाच्या गिरण्यांमध्ये संगणकीय नियंत्रण आल्यावर कामगारांच्या ज्ञानाचे काय झाले, याचे त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षण केले. स्पर्श, गंध, उष्णता आणि आवाज यांवरून लगदा ओळखणाऱ्या कामगारांना आता बंद खोलीत बसून पडद्यावरील चिन्हांवरून तोच लगदा ओळखावा लागू लागला. झुबॉफ यांच्या मते संगणक एकाच वेळी दोन कामे करतो. तो मनुष्याचे काम स्वतःकडे घेतो, हे स्वयंचलन होय. शिवाय त्या कामाविषयी नवी माहिती निर्माण करतो, याला माहितीकरण म्हणता येईल. ही माहिती कोणाला वाचावयास मिळते आणि तिचा अर्थ लावण्याचे शिक्षण कोणाला मिळते, यावर संस्थेतील अधिकाराची वाटणी अवलंबून असते.

कोराडीसारख्या केंद्राच्या अभ्यासात या विचाराला भाषेची जोड द्यावी लागेल. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. शासनाच्या भाषा संचालनालयाने पदनामांपासून अभियांत्रिकीपर्यंत अनेक परिभाषा कोश सिद्ध केले. तरीही औद्योगिक यंत्रणांच्या पडद्यावरील भाषा प्रायः इंग्रजीच राहिली. पाळीवरील संभाषण मराठी, हिंदी आणि नागपुरी बोली यांच्या मिश्रणातून चालते. त्यात बॉयलर, लोड, ट्रिप हे शब्द मराठी प्रत्यय घेऊन सहज वावरतात. तोंडी ज्ञान एका भाषेत आणि नोंदलेले ज्ञान दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी आहे. तिच्यात काय गळते आणि काय टिकते, हे टक्केवारीने कळणार नाही. त्यासाठी संभाषण ऐकावे लागेल आणि शेरे वाचावे लागतील.

शिक्षणाची बाजू

संस्था बदलली की तिला लागणारे शिक्षणही बदलते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनी वीजकेंद्रात काम करणाऱ्या अभियंत्यांना व पर्यवेक्षकांना विहित प्रशिक्षण आवश्यक ठरविले. महानिर्मितीचे प्रशिक्षण केंद्र कोराडीतच आहे. अशा प्रशिक्षणात सिम्युलेटर या साधनास महत्त्वाचे स्थान असते. खऱ्या नियंत्रण-कक्षाची हुबेहूब प्रतिकृती त्यात असते. मात्र तिच्यामागे बॉयलर नसून गणिती प्रारूप असते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे न उद्भवणारा बिघाड येथे एका दुपारी दहा वेळा घडवून पाहता येतो, आणि चुकीची किंमत मोजावी लागत नाही. पूर्वी उमेदवार अनुभवी कर्मचाऱ्याच्या मागे हिंडून शिकत असे. आता तो आधी पडद्यावर शिकतो आणि नंतर यंत्राकडे जातो. शिक्षणाचा हा क्रम उलटल्याने अनुभवी व्यक्तीच्या शब्दांचे स्थान कोणते राहिले, हा शोधनिबंधाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल.

विद्यापीठीय संशोधनातही असेच स्थित्यंतर घडले आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या आणि २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठासह सर्वच विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम लागू झाले. त्यांनी प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात असे प्रबंध सर्वांना खुले होतात. ग्रंथालयाच्या कपाटात बंद असणारा प्रबंध दूरच्या खेड्यातील विद्यार्थ्यालाही पाहता येऊ लागला, ही शैक्षणिक समतेच्या दृष्टीने मोठीच घटना होय.

मात्र पाहता येणे आणि शोधता येणे यांत अंतर आहे. अनेक जुने मराठी प्रबंध पृष्ठांच्या छायाप्रतींच्या रूपात आहेत. संगणकाच्या लेखी ती केवळ चित्रे होत. जे प्रबंध संगणकावर जुळविले गेले, त्यांतही जुन्या फॉन्टांची अडचण आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही त्यानंतर दीर्घकाळ टंकलेखनासाठी असे फॉन्ट वापरात राहिले, की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले होते. कृतीदेव या फॉन्टमध्ये वाचकाला ‘क’ दिसतो, तेव्हा संगणकाच्या स्मृतीत रोमन ‘डी’ हे लहान अक्षर असते. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी साठविली जाते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. परिणामी जुन्या धारिकेत एखाद्या कवीचे नाव युनिकोडमध्ये लिहून शोधले, तर ते पानोपानी असूनही सापडत नाही. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रबंधातील साम्याची तपासणी बंधनकारक केली आणि दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले. परंतु ज्या मजकुराची अक्षरेच संगणकाला मराठी म्हणून कळत नाहीत, त्याच्याशी साम्य तरी कसे शोधले जाणार? मूळ संशोधकाच्या श्रमाचे संरक्षण येथे लिपीच्या संकेतावर अवलंबून राहते.

लिपीची कुलुपे

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजणे हे त्या लिपीचे सूत्र होते. संकेत ठाऊक नसल्याने हे समृद्ध गद्य कित्येक शतके पंथाबाहेरील वाचकांना बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीची उकल केली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे नव्याने लिहावी लागली. मोडीची कथा निराळी असली तरी परिणाम तोच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली ही लिपी वाचणारे आज थोडे आहेत आणि दफ्तरे मात्र विपुल आहेत. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला, पण मूळ कागद वाचण्याचे काम शेवटी प्रशिक्षित डोळ्यांनाच करावे लागते.

सकळ लिपी पंथाने हेतुपुरस्सर स्वीकारली होती. जुन्या फॉन्टांचे कुलूप कोणी हेतूने घातलेले नाही. सोयीच्या ओघात ते लागले आहे. दोहोंतील सूत्र मात्र अक्षराच्या जागी अक्षर योजण्याचेच आहे. पहिली उकल होण्यास शतके लागली. दुसरीची किल्ली आज उपलब्ध आहे, कारण हे फॉन्ट आणि त्यांची रूपांतरके अद्याप अस्तित्वात आहेत. ती तशी राहतीलच असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल.

विद्यार्थ्यांच्या संशोधनाची दिशा

या विवेचनातून मराठीच्या विद्यार्थ्यासाठी काही निश्चित कामे पुढे येतात. पहिले काम साक्षींचे. कोराडीच्या पहिल्या संचांवर तरुणपणी रुजू झालेली पिढी केव्हाच सेवानिवृत्त झाली आहे. त्यांच्या कामाची भाषा, यंत्र ओळखण्याच्या खुणा आणि पाळी बदलतानाचे संकेत त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून लिहून ठेवले पाहिजेत. लोकसाहित्याच्या संकलनासाठी मराठीत विकसित झालेली पद्धती येथे उपयोगी पडेल. वीजकेंद्र हे सुरक्षित क्षेत्र असल्याने तेथील कागदपत्रांसाठी रीतसर परवानगी लागेल. निवृत्तांच्या आठवणी मात्र त्यांच्या घरी बसूनही टिपता येतील.

दुसरे काम नोंदवह्यांचे. जुन्या लॉगशीट व पाळीवह्या जेथे उपलब्ध होतील, तेथे त्यांचे वर्णन हस्तलिखितांप्रमाणे करावे : भाषा कोणती, हस्ताक्षरे किती, आकडे कोठे संपतात आणि शब्द कोठे सुरू होतात. संगणकीकरणाआधीच्या व नंतरच्या शेऱ्यांची तुलना केली, तर तंत्रज्ञानाने संस्थेत काय बदलले याचे उत्तर प्रश्नावलीपेक्षा अधिक विश्वसनीय रीतीने मिळेल.

तिसरे काम प्रबंधांचे. जुन्या फॉन्टमधील प्रबंधांचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार, जोडाक्षरे आणि विशेषतः मराठीचा चंद्रकोरीसारखा ‘ऱ्’ यांत चुका होतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील भेद रूपांतरात पुसला गेला, तर विद्वानांचा निरोप स्वयंपाक्यांकडे जाईल. लेखनिकांच्या हातून पोथ्यांत होणाऱ्या चुकांचे वर्गीकरण पाठचिकित्सेने फार पूर्वीच केले आहे. यंत्राच्या हातून होणाऱ्या चुकांचेही तसेच वर्गीकरण करता येईल, आणि त्या दुरुस्त करताना मूळ धारिका व तिचा फॉन्ट जपून ठेवण्याचा दंडकही त्याच शास्त्रातून घेता येईल.

पडद्यावर येणारी माहिती यंत्राची असते. तिचा अर्थ लावणारी भाषा माणसांची असते. संस्थात्मक बदलाचा अभ्यास या दुसऱ्या अंगाने करण्याची साधने मराठी विभागांजवळ आधीपासून आहेत. लिपीवाचन, बोलींचा अभ्यास, मौखिक परंपरेचे संकलन आणि पाठचिकित्सा ही ती साधने होत. नियंत्रण-कक्षातील पाळीवही आणि जुन्या फॉन्टमधील प्रबंध या दोहोंना ती सारख्याच उपयोगाची आहेत. त्यांचा वापर कोराडीची पहिली पिढी बोलू शकते तोवर आणि जुन्या धारिका उघडता येतात तोवर व्हावयास हवा.