रोजा, कणगी आणि आपलं पोट

बालमित्रांनो, एक कोडं घालते. महिनाभर दिवसा पोटात अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. तरीही ईदपर्यंत काही जणांचं वजन वाढलेलं असतं! असं कसं?

आधी शरीरात डोकावू या. आपण जेवतो तेव्हा अन्नातली साखर रक्तात उतरते. लागेल तेवढी वापरली जाते, उरलेली यकृतात आणि स्नायूंत साठते. कणगीत ज्वारी भरून ठेवावी तशी. रोज्यात काही तास गेले, की यकृत आपली कणगी उघडतं आणि रक्तातली साखर टिकवून धरतं. साठा सरत आला, की शरीर चरबी जास्त जाळू लागतं. म्हणूनच निरोगी मोठ्या माणसाला दिवसभराचा रोजा झेपतो.

मग बिघडतं कुठं? सूर्य मावळल्यावर! रमजानमध्ये आपल्या सोलापुरात विजापूर वेशीचा मीना बाजार फुलतो. इफ्तारला दोन-तीन खजूर, पाणी, फळं आणि मग साधं जेवण, इतकं पोटाला छान पुरतं. पण भजी, समोसे, गोड सरबत असं रात्रभर चालू राहिलं, तर कणगी भरून वाहते आणि उरलेल्याची चरबी होते. त्यात जागरण! झोप कमी झाली, की भूक वाढते आणि शरीराला साखर नीट वापरता येत नाही. सुटलं ना कोडं? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या उपासालाही लागू आणि रोज्यालाही!

काही जण झोपेपायी सहेरी चुकवतात. तसं करू नये. ज्वारीची भाकरी, उसळ, दही, अंडं हे पदार्थ हळूहळू पचतात, ताकद टिकते. लोणचं-पापड मात्र कमी, तहान लागते.

इस्लामी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ साली तो मे-जूनमध्ये होता, २०२६ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. सोलापूरच्या उन्हात रोजा आला, की इफ्तार ते सहेरी थोडंथोडं पाणी पीत राहायला हवं.

आता सर्वांत महत्त्वाचं. घरात कुणाला मधुमेह आहे का? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १३ देशांतले १२ हजारांहून जास्त मधुमेही मुस्लिम होते. रक्तातली साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग रमजानमध्ये कितीतरी पटींनी वाढलेले त्यात दिसले. म्हणून गोळ्या-इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही, वेळही बदलायची नाही. महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटायचं. रोजा धरावा की नाही, हेही त्यांना विचारायचं. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर लगेच साखर तपासायची. बोटाला सुई टोचल्यानं रोजा मोडत नाही, असं अनेक धर्मगुरू सांगतात. साखर ७० च्या खाली गेली, तर त्याच क्षणी काहीतरी गोड देऊन रोजा सोडायचा. तपासायचं यंत्र जवळ नसेल, तरी थांबायचं नाही. कुराणानं आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. लहान मुलांवरही रोज्याची सक्ती नाही.

तेव्हा मुलांनो, पुढच्या रमजानआधी एक काम तुमच्याकडे. दादी-नानीजवळ बसा आणि विचारा, “दादी, डॉक्टरांकडे जाऊन आलात का?” नसतील गेल्या, तर हात धरून घेऊन जा!