कन्सोलचा गल्ला नेमका कुठे भरतो?

टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलचा जगभरातला धंदा मुख्यतः सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तीन कंपन्यांच्या हातात आहे. विक्री वाढली की ‘कंपनीची चांदी’ आणि घसरली की ‘कन्सोलचे दिवस भरले’, अशी चर्चा सुरू होते. दोन्ही निष्कर्ष बहुतेकदा घाईचे असतात.

गैरसमज : जितके कन्सोल खपतील, तितका नफा.

वस्तुस्थिती : 2006 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन 3 चं महागडं मॉडेल अमेरिकेत 599 डॉलरला आलं. आयसप्लाय या संस्थेने ते उघडून हिशेब मांडला, तर खर्च 840 डॉलर निघाला. म्हणजे जितकी विक्री, तितकी पदरमोड. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला 232 अब्ज येनांचा तोटा झाला. एक्सबॉक्स कधीच नफ्यात विकला गेला नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी 2021 मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात साक्षीत सांगितलं.

खरी कमाई नंतर सुरू होते. कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरवर दुसऱ्या कंपनीचा 70 डॉलरचा गेम विकला गेला, की प्रचलित 30 टक्के दराने 21 डॉलर स्टोअरच्या मालकाकडे राहतात. खेळाडूंकडून दरमहा येणारी वर्गणी वेगळीच.

गैरसमज : म्हणजे प्रत्येक कन्सोल तोट्यातच विकावा लागतो.

वस्तुस्थिती : नाही. निन्टेंडोने साधे, स्वस्त भाग वापरून वी हा कन्सोल सुरुवातीपासून नफ्यात विकला. तो 10 कोटींहून अधिक खपला. प्लेस्टेशन 5 च्या डिस्कवाल्या मॉडेलवरचा तोटाही 2021 च्या उन्हाळ्यापर्यंत संपला होता.

गैरसमज : एक कन्सोल आपटला की कंपनी बुडाली.

वस्तुस्थिती : वीनंतर आलेला वी यू जेमतेम 1.36 कोटी खपला. तरी निन्टेंडो तगली, कारण गाठीला रोकड होती, हातात धरून खेळायचा 3डीएस विकला जात होता आणि मारिओ घरचाच होता. 2017 मध्ये आलेल्या स्विचने 15 कोटींचा टप्पा ओलांडला. सेगाने 2001 मध्ये कन्सोल बनवणं सोडलं. गेम मात्र ती आजही बनवते.

गैरसमज : मोबाईलने कन्सोल संपवला.

वस्तुस्थिती : मोबाईल गेमची उलाढाल मोठी आहे, हे खरं. पण 2024-25 मध्ये सोनीच्या गेम विभागाने सुमारे 415 अब्ज येनांचा कार्यकारी नफा कमावला, आणि जून 2025 मध्ये स्विच 2 पहिल्या चार दिवसांत 35 लाख खपला.

दुखणं आहे ते खर्चाचं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ हा गेम बनवायला सुमारे 22 कोटी डॉलर लागल्याचं 2023 मध्ये न्यायालयातल्या कागदपत्रांतून उघड झालं. इतका पैसा लावल्यावर पडलेला गेम परवडत नाही. सोनीने ‘कॉनकॉर्ड’ 2024 मध्ये बाजारात आणला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला. पुढे तो बनवणारा स्टुडिओही बंद केला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने गेम विभागातले 1,900 आणि सोनीने सुमारे 900 जण कमी केले होते. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. प्लेस्टेशन 5 मात्र 2022 मध्ये भारतात 49,990 रुपयांवरून 54,990 वर गेला.

म्हणून किती कन्सोल खपले, एवढ्यावर थांबू नये. एक ग्राहक गेमवर आणि वर्गणीवर किती खर्च करतो आणि ते गेम बनवायला किती लागले, या दोन आकड्यांतूनच धंद्याची तब्येत कळते.