फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेचा प्रारंभिक ऱ्हास : मापनाचा प्रश्न

आर्णी तालुक्यात कापूस व तूर ही प्रमुख पिके असून हंगाम संपल्यावर उरणारी पऱ्हाटी आणि तुराटी हे येथील चुलीचे पारंपरिक सरपण होय. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर अनेक घरी गॅस आला. तथापि सिलिंडर परवडेनासे झाले की चूल पुन्हा पेटते. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सी.ओ.पी.डी. हा विकार केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, हा समज अशा धुरामुळेच अपुरा ठरतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखात अशा रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के व्यक्तींनी कधीही धूम्रपान केलेले नसावे, असा अंदाज मांडला.

या विकाराचे निदान स्पायरोमेट्रीने होते. जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे त्यात मोजतात. हे प्रमाण विशी-पंचविशीत सर्वाधिक असते व पुढे निरोगी माणसातही दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने घटते. अडचण नेमकी येथे आहे. एकाच व्यक्तीने एकाच बैठकीत केलेल्या दोन उत्तम प्रयत्नांत १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. साहजिकच, एका वर्षाची घट या फरकातच लपून जाते; ती दिसण्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. फ्लेचर व पेटो यांनी लंडनमधील ७९२ पुरुषांच्या नोंदी आठ वर्षे घेतल्या, त्या याच कारणाने. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांवरून वेगवान घट म्हणजेच हा विकार, अशी धारणा रूढ झाली.

२०१५ मध्ये पीटर लांगे व सहकाऱ्यांनी तिला छेद दिला. त्यांच्या अभ्यासातील सुमारे निम्म्या रुग्णांत घट सामान्य वेगानेच झाली होती; मात्र त्यांची फुफ्फुसे तारुण्यातच पूर्ण क्षमतेला पोहोचली नव्हती. चुलीजवळ झोळीत निजणाऱ्या बाळाचा विचार येथे अपरिहार्य ठरतो.

पस्तिशीतील स्त्रीचा आकडा कमी आल्यास तो वेगवान घटीमुळे की अपुऱ्या वाढीमुळे, हे एका तपासणीतून सांगता येत नाही. त्यासाठी विशीतील नोंद हवी, आणि विशीतील मुलेमुली महाविद्यालयांत असतात. विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीत उंची-वजनाबरोबर ही नोंद घेणे शक्य आहे. अट एवढीच की फुंकर नीट घालून घेणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा, कारण अर्धवट फुंकरीचा आकडा पुढील सर्व तुलना चुकवितो.