कीटकांसाठी राखलेल्या पाच ओळी

आषाढात चातुर्मासाची स्थापना होते आणि आठ महिने पायी विहार करणारे साधू-साध्वीजी एका गावी स्थिर होतात. पावसाने भूमी ओली झाली की असंख्य जीव वर येतात, चालताना पावलागणिक त्यांची विराधना होते, म्हणून ही स्थिरता. ऋतू बदलला की कीटकसृष्टी बदलते, हे आपल्या पूर्वाचार्यांनी किती बारकाईने पाहिले होते! मुंगी त्रींद्रिय, मधमाशी व पतंग चतुरिंद्रिय, ही वर्गवारी आपली मुले पाठशाळेतच शिकतात. आज जगभरचे पर्यावरण-अभ्यासक याच लहान जीवांची मोजदाद करीत आहेत, आणि त्यांच्या निष्कर्षांचा संबंध थेट आपल्या पेढीशी पोहोचतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका त्याचे बोलके उदाहरण आहे. एका बाजूला पैनगंगा, दुसऱ्या बाजूला माणिकगडचे डोंगर, पलीकडे तेलंगणाची सीमा आणि मधल्या काळ्या जमिनीत कपाशी. या पट्ट्यात कापसाची खरेदी, जिनिंग, सरकी-ढेप, बी-बियाणे आणि औषधांची दुकाने यांवर अनेक व्यापारी घरांचे वर्ष उभे असते. बोंडे भरली तर उधारी वसूल होते. बोंडे किडली तर शेतकऱ्याबरोबर दुकानदारही बसतो.

वजनातून उघड झालेली घट

जर्मनीतील क्रेफेल्ड शहराच्या हौशी कीटक-अभ्यासकांनी एक साधे काम चिकाटीने केले. संरक्षित निसर्गक्षेत्रांत ठरावीक पद्धतीचे जाळे लावायचे, त्यात आलेल्या उडत्या कीटकांचे वजन करायचे आणि नोंदवहीत लिहून ठेवायचे. ६३ ठिकाणच्या २७ वर्षांच्या या नोंदी तपासून कास्पर हॉलमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला की, कीटकांचे एकूण वजन पाऊण हिश्शाहून अधिक घटले आहे. केवळ हवामानातील चढउतारांनी या घटीचा उलगडा होत नव्हता. ही क्षेत्रे चहूबाजूंनी सघन शेतीने वेढलेली होती, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले. जंगल राखले, पण भोवतालच्या शेताचा विचार केला नाही, तर जंगलातील जीवही वाचत नाहीत, असा याचा अर्थ. डोंगर आणि शेत यांना एकच बांध असलेल्या कोरपन्यासारख्या भागाने तो विशेष ध्यानी घ्यावा.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. कीटकाचे शरीर स्वतःची ऊब राखत नाही. बाहेरच्या तापमानावर त्याची वाढ चालते. कर्टिस ड्यूश आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ३८ कीटकजातींची माहिती अभ्यासून दाखवले की, उष्ण प्रदेशातील कीटक आधीच आपल्या सोसण्याच्या मर्यादेजवळ जगतात. थंड प्रदेशातल्यांपेक्षा थोडीशी तापमानवाढही त्यांना जास्त जाचते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात हे वेगळे सांगायला नको. मात्र याच ड्यूश यांच्या २०१८ च्या अभ्यासाने दुसरी बाजू मांडली. गहू, भात आणि मका या पिकांचे किडींमुळे होणारे नुकसान तापमानाच्या प्रत्येक अंशामागे १० ते २५ टक्के वाढेल, असे त्यांचे अनुमान आहे. म्हणजे तापमानवाढ सर्व कीटकांना सारखी वागवत नाही. कित्येक निरुपद्रवी जाती मागे पडतील आणि माणसाच्या पिकावर पोसलेल्या काही मोजक्या जाती फोफावतील.

गुलाबी बोंडअळीची कहाणी

आपल्याकडे अशी फोफावलेली जात म्हणजे गुलाबी बोंडअळी. शास्त्राला तिची पहिली ओळख भारतातच झाली. गुजरातेतील भडोचच्या कपाशीवरून १८४३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. पतंग निशाचर, करड्या रंगाचा आणि अगदी लहान. अंड्यातून निघालेली अळी कळीत वा बोंडात शिरते. तिच्यामुळे फुले नीट न उमलता डोमकळ्या होतात. बोंडाच्या आत तिला फवारणी गाठू शकत नाही. हंगाम संपताना ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत सुप्तावस्थेत पडून राहते. पुढे जिनिंगच्या आवारात साठलेल्या सरकीतून, शेतातल्या पऱ्हाटीतून ती पतंग होऊन बाहेर येते.

२००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला मान्यता मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि बोंडअळीचा प्रश्न मिटला असे सर्वांना वाटले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी येत असे. शेताच्या कडेने तिच्या किमान पाच ओळी लावाव्यात, असे सांगितले जाई. हेतू असा की, या ओळींवर काही अळ्या निर्वेध जगाव्यात. त्यांच्या पतंगांचा संकर बीटीला पचवू लागलेल्या पतंगांशी होत राहिला, तर पुढच्या पिढीत प्रतिकारशक्ती साचत नाही. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. ‘किडीसाठी का पेरायचे?’ हा प्रश्न व्यवहारी वाटला, पण हिशेब चुकला. लांब मुदतीच्या वाणांनी अळीला वर्षातील अधिक काळ अन्न पुरवले. गुजरातेत प्रतिकारक्षम अळी आढळली, आणि २०१७ मध्ये विदर्भातील कपाशीची बोंडे आतून पोखरली गेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवाऱ्याने ढालकिडे मेले, अळीची अंडी खाणारे मित्रकीटक मेले, फुलांवरच्या मधमाश्या मेल्या. बोंडातली अळी मात्र सुरक्षित राहिली.

विषाविना उपाय

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे आणि कृषी विद्यापीठांचे सल्ले वाचले, तर त्यांतील सर्वांत परिणामकारक उपायांत विषाचा थेंबही नाही. पहिला उपाय, पूर्वहंगामी लागवड टाळणे. पहिल्या पावसाने सुप्त अळ्यांचे पतंग बाहेर येतात. त्या वेळी शेतात कळ्याच नसतील तर त्यांची पिढी पुढे सरकत नाही. मे महिन्यात पाणी देऊन लावलेली कपाशी नेमका हाच दुवा जोडून देते. दुसरा, फरदड न घेणे. अवकाळी पावसाने आणि उबदार हिवाळ्याने पऱ्हाटीला पुन्हा पालवी फुटते, दोन क्विंटल जास्तीच्या मोहाने ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहते आणि अळीला बारमाही अन्नछत्र मिळते. डिसेंबरअखेर शेत मोकळे केले तर ही साखळी तुटते. तिसरा, कामगंध सापळे लावून पतंग मोजणे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, तरच पुढच्या उपायाचा विचार करायचा.

सापळ्यातही पतंग मरतो, हे लपवण्याचे कारण नाही. शेती आणि व्यापार यांत उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही; ती अल्प करणे हाच श्रावकाचा विवेक. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत विषवाणिज्य आहे. कीटकनाशके विकणाऱ्या आपल्या बांधवांवर दोषारोप करण्याचा येथे हेतू नाही. परवाना, उधारी, कंपनीचे लक्ष्य आणि ‘जालीम औषध द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक, यांत दुकानदार कसा सापडतो ते आपण जाणतो. पण शेतकरी फवारणीविषयी प्रथम विचारतो तो दुकानदारालाच. ‘आधी सापळ्यातले पतंग मोजून या’ हे एक वाक्य काउंटरवरून निघाले, तर कितीतरी फवारण्या वाचतील.

जिनिंगवाल्या घरांची जबाबदारी आणखी थेट आहे. आवारात कामगंध सापळे असावेत, किडकी सरकी आणि कचरा वेळेत हलवावा, नव्या हंगामापूर्वी जुनी सरकी गाळून संपवावी. यात धर्म आहे तसा लाभही आहे. कवडी कापसाला भाव मिळत नाही आणि किडलेल्या सरकीत तेल उतरत नाही, हे कोणा व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही.

पर्युषणाच्या दिवसांत कोरपन्याची कपाशी पात्या-फुलांवर असते. प्रतिक्रमणात आपण चतुरिंद्रिय जीवांचीही क्षमा मागतो. या वर्षी त्याच दिवसांपासून पेढीच्या वहीत एक रकाना वाढवावा: तारीख, सापळा, पतंगांची संख्या. क्रेफेल्डच्या हौशी मंडळींकडे याहून मोठे साधन नव्हते. रोजची नोंद न चुकवण्याची सवय तर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.