फिरकी गोलंदाज किती घ्यावेत?

शालेय क्रिकेट संघ निवडायला बसले की दहा नावांवर सहसा लवकर एकमत होते. वाद रंगतो तो अकराव्या नावावर. आणखी एक फिरकी गोलंदाज घ्यावा, की मध्यमगती? धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या काळ्या मातीच्या मुलखात एक जण म्हणतो, "आपल्या मातीत फिरकीच चालते." दुसरा म्हणतो, "वीस षटकांच्या सामन्यात फिरकीला मार बसतो." दोघांकडेही आपापल्या आठवणीतले दाखले असतात. हा वाद आपण जरा शास्त्रीय पद्धतीने तपासून पाहू.

मातीचा वाटा

फिरकी चेंडू वळतो तो मुख्यतः टप्पा पडल्यावर. स्वतःभोवती गरगरणारा चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा क्षणभर त्याचा पृष्ठभाग मातीवर घासतो. या घर्षणातून चेंडूला बाजूला ढकलणारे बल मिळते. त्याच घर्षणाने त्याचा पुढे जाण्याचा वेगही कमी होतो. खेळाडू याला 'चेंडू थांबून येतो' असे म्हणतात. उलट गवतावर दव असेल तर चेंडू ओला होतो, बोटांची पकड सुटते, आणि मुळात फिरकच कमी मिळते.

काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजामुळे ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. पण उन्हाळ्यातले शेत आणि रोलर फिरवून दाबलेली खेळपट्टी या एकच गोष्टी नव्हेत. पाणी कधी दिले, किती दाबले, ऊन किती लागले, गवत किती ठेवले, यांवर त्याच मातीचा गुण बदलतो. शिवाय बालाघाटच्या माथ्यावर मुरमाड जमीनही पुष्कळ आहे. आणि सामना मॅटवर असेल तर चेंडू मातीला टेकतच नाही. तेव्हा घर्षण चटईचे असते, उसळी मात्र बरीचशी खालच्या जमिनीवर ठरते.

माती सारखी म्हणून गोलंदाजही सारखे, असेही नाही. २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातला तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर हा वेगवान गोलंदाज आहे.

नागपूरचा दाखला

१५ मार्च २०१६ रोजी नागपूरजवळ जामठा येथे विश्वचषक टी-२० स्पर्धेत भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना झाला. न्यूझीलंडने ट्रेंट बोल्ट आणि टिम साउदी या आपल्या दोन नावाजलेल्या वेगवान गोलंदाजांना बाहेर बसवले आणि सँटनर, सोधी व नेथन मॅकलम असे तीन फिरकी गोलंदाज खेळवले. त्यांच्या १२६ धावा झाल्या. त्या पुरेशा वाटत नव्हत्या, पण भारताचा डाव ७९ धावांत आटोपला. या तिघांनी ११ षटकांत ४४ धावा देऊन ९ बळी घेतले.

यावरून 'तीन फिरकी घ्यावेत' असा नियम काढायचा का? थांबा, दुसरा दाखला पाहू.

तेच तिघे, दोन दिवसांचे अंतर

२०२४ च्या टी-२० विश्वचषकात भारताने अक्षर पटेल, कुलदीप यादव आणि रवींद्र जडेजा ही तीच त्रयी उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत खेळवली. २७ जूनला गयानाच्या संथ, खाली राहणाऱ्या खेळपट्टीवर इंग्लंडविरुद्ध या तिघांनी ११ षटकांत ५८ धावा देऊन ६ बळी घेतले. २९ जूनला बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याच तिघांची कामगिरी अशी : ९ षटके, १०६ धावा, १ बळी.

दोन्ही सामने मिळून २० षटकांत १६४ धावा, म्हणजे षटकामागे सरासरी ८.२. ही सरासरी गणिताने अचूक आहे. पण पहिल्या सामन्यात षटकामागे सुमारे ५.३ धावा गेल्या आणि दुसऱ्यात ११.८. म्हणजे सरासरी या दोहोंपैकी एकाही सामन्याचे वर्णन करत नाही. दोन दिवसांत गोलंदाज बदलले नव्हते. खेळपट्टी बदलली होती आणि समोरचे फलंदाजही. केवळ सरासरी पाहून संघ निवडला तर ही मुख्य गोष्टच नजरेआड होते.

निवड एकदा, वापर अनेकदा

येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घेऊ. 'किती फिरकी गोलंदाज निवडायचे' आणि 'त्यांना किती षटके द्यायची' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सामन्याआधी अंदाजाने द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर सामना चालू असताना डोळ्यांसमोरच्या पुराव्यावरून देता येते.

वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त ४ षटके मिळतात, म्हणून किमान ५ गोलंदाज लागतात. भारताकडे ६ होते, म्हणजे २४ षटकांची सोय. गरज २० षटकांची, शिल्लक ४. अंतिम सामन्यात जडेजाला एकच षटक मिळाले आणि हार्दिक पंड्याला ३. न वापरलेली षटके बरोबर ४. पंधराव्या षटकात अक्षरला २४ धावा पडल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा उरल्या. त्यानंतर एकही षटक फिरकीला दिले गेले नाही. शेवटच्या ५ षटकांत २२ धावाच निघाल्या आणि भारत ७ धावांनी जिंकला. ही शिल्लक नसती तर कर्णधाराला मार खाणाऱ्या गोलंदाजाकडेच पुन्हा चेंडू द्यावा लागला असता.

आणखी एक गोष्ट. अक्षरने त्या दिवशी ४९ धावा दिल्या हे खरे, पण त्याआधी भारताचे ३ बाद ३४ झाले असताना येऊन ३१ चेंडूंत ४७ धावाही केल्या. तिसरा फिरकी गोलंदाज फलंदाजीही करत असेल तर अंदाज चुकल्याची किंमत कमी होते.

अंदाजाचा हिशेब

अंदाजही मोजून करता येतो. समजा, चेंडू पकड घेत असेल तर आपला फिरकी गोलंदाज षटकामागे ६ धावा देईल, आणि दव पडले तर ११. मध्यमगती गोलंदाज दोन्ही वेळा ८ देईल. चार षटकांत फिरकीमुळे एक तर ८ धावांचा फायदा, नाही तर १२ धावांचा तोटा. कोरडे राहण्याची शक्यता 'श' मानली, तर ८श = १२(१ – श) या समीकरणातून श = ०.६ मिळते. म्हणजे कोरडे राहण्याची शक्यता शंभरात साठहून अधिक वाटत असेल तरच फिरकी घ्यावी. हे आकडे काल्पनिक आहेत. शाळेने आपले आकडे घालावेत. हिवाळ्यात सकाळी आठचा सामना आणि दुपारी बाराचा सामना यांत 'श' निश्चितच वेगळा येईल.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. काळी माती आणि मुरूम यांचे दाबून सपाट केलेले दोन पट्टे तयार करा. त्यांवर २ मीटर उंचीवरून तोच चेंडू प्रत्येकी दहा वेळा सोडा आणि उसळीची उंची मोजा. पट्टे थोडे ओले करून हेच पुन्हा करा.

२. शाळेच्या प्रत्येक सामन्याची वही ठेवा : गोलंदाजाचा प्रकार, षटके, धावा, बळी, वेळ, दव होते की नाही. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका. पाच-सहा सामन्यांनंतर तक्ता करा.

या वहीचा उपयोग केवळ सामना जिंकण्यापुरता नाही. शालेय संघात पुष्कळदा अंगाने दांडगा मुलगा गोलंदाज ठरतो आणि शांतपणे फिरकी टाकणारा बारका मुलगा किंवा मुलगी राखीव राहते. 'आपल्याकडे दोन फिरकी पुरेत' एवढ्या एका वाक्याने कुणाचा तरी हंगाम जातो. बाहेर ठेवायचेच असेल, तर त्या मुलाला वही उघडून कारण दाखवता आले पाहिजे.